पिस्तूल घेताना आधी काडतूस पाहा

कांद्याच्या आडतीत रोकड कधी निघते आणि कुठल्या रस्त्यानं जाते, हे दहा जणांना ठाऊक असतं. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून नाशिकला रोज ये-जा करणाऱ्यांपैकी मी एक. रीतसर परवान्यावर घेतलेलं .३२ बोअरचं पिस्तूल माझ्याकडे आहे, म्हणून नवा परवाना हाती पडलेली मंडळी सल्ला विचारायला येतात. हल्ली त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: कॉम्पेन्सेटर असलेलं छोटं पिस्तूल मिळेल का? मोबाइलवर पाहिलंय, झटकाच लागत नाही म्हणे! या नादात माझ्या एका व्यापारी मित्रावर काय वेळ आली ते मी जवळून पाहिलं आहे. तसं आणखी कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

कॉम्पेन्सेटर म्हणजे नळीच्या तोंडाशी वरच्या बाजूला ठेवलेल्या खिडक्या. गोळीमागचा वायू त्यांतून वर फेकला जातो आणि पिस्तुलाचं तोंड खाली दाबलं जातं. अमेरिकेत भाच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिथल्या रेंजवर असं ९ मिलिमीटरचं पिस्तूल चालवून पाहिलं. "मामा, बघा, नळी वर उडतच नाही," असं तो म्हणाला आणि ते खरंही होतं. दुसरी गोळी पटकन नेमावर येत होती. पण दिवे मंद केल्यावर प्रत्येक बाराला डोळ्यांसमोर जाळ उठत होता आणि आवाजही जास्त बोचत होता. तिथल्या प्रशिक्षकानं आधीच बजावलं होतं, की हे पिस्तूल छातीशी धरून झाडू नका, गरम वायू थेट तोंडावर येतो. लुटारू मात्र हातभर अंतरावरच येतो आणि तेव्हा हात पुढे लांबवायला जागा मिळेलच असं नाही.

आपल्याकडची गोष्ट आणखी वेगळी आहे. ९ मिलिमीटर हे आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअर. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येतं ते .३२. कॉम्पेन्सेटर चालतो वायूच्या दाबावर. अमेरिकी मानकाप्रमाणे ९ मिलिमीटरच्या काडतुसाचा कमाल दाब ३५,००० पीएसआय, तर पिस्तुलाच्या .३२ काडतुसाचा २०,५००. म्हणजे आपल्या काडतुसाचा झटका मुळातच कमी आणि खिडक्यांतून काम करायला वायूही कमी. शिवाय स्लाइड मागे ढकलायला लागणारा जोरही त्याच दाबातून येतो. तो खिडक्यांतून वाया गेला, तर स्लाइड पुरती मागे जात नाही.

माझ्या मित्राचं नेमकं हेच झालं. त्यानं एका लेथवाल्याकडून नळीला वरून भोकं पाडून घेतली. सरावाच्या वेळी मी शेजारी उभा होतो. एक-दोन बार झाले आणि रिकामी पुंगळी बाहेर पडण्याऐवजी स्लाइडच्या फटीत उभीच अडकली. ती काढून पुन्हा बार केला, पुन्हा तेच. भोकांच्या कडांना करवतीसारखी कूस राहिली होती. पुढे परवान्याच्या नूतनीकरणात शस्त्राची तपासणी झाली, फेरफार उघड झाला आणि शस्त्र जप्त होऊन प्रकरण कोर्टात गेलं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवाना नसलेल्या कारागिरानं शस्त्रात फेरफार करणं, इतकंच नव्हे तर दुरुस्ती करणंही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे.

मग पारख कशी करायची? पहिली कसोटी झाकून वागवण्याची. शस्त्र नियम, २०१६ सांगतात, की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच साधनात, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. म्हणून घेण्यापूर्वी रिकामं पिस्तूल होल्स्टरसकट कमरेला लावून पाहा. रोजचाच सुती शर्ट घाला, खुर्चीत बसा, वाका, पायऱ्या चढा. एप्रिलच्या उन्हात घामानं शर्ट अंगाला चिकटतो, तेव्हा पिस्तुलाचा आकार बाहेरून दिसता कामा नये.

दुसरी कसोटी काडतुसाची. आपल्याला सहज मिळतं ते सरकारी कारखान्याचं, पुण्याजवळच्या खडकीचं. जे काडतूस रोज भरणार, तेच अधिकृत रेंजवर पुरेसं झाडून पाहा. जे पिस्तूल त्यावर अडखळतं, ते कितीही देखणं असलं तरी घेऊ नका. तिसरी कसोटी हाताची. पूर्ण पंजा मुठीवर बसतो का, ओल्या हातानं पकड सुटते का, सेफ्टी अंधारात अंगठ्याला सापडते का, हे पाहा.

याच नाशिकमध्ये निवृत्त पोलीस अधिकारी भीष्मराज बाम यांनी नेमबाज घडवले, तेही मनाच्या एकाग्रतेवर भर देऊन. स्वसंरक्षणातही शेवटी डोकं शांत राहिलं तरच हात चालतो. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं जाणकार वकिलाकडून एकदा समजून घ्या. बचावाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा नाही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणं हा तर सरळ गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर वेळेत जमा करा आणि पावती जपून ठेवा.

माझा सल्ला स्पष्ट आहे. कॉम्पेन्सेटरचा नाद सोडा. तोच पैसा चांगलं होल्स्टर, घरातली कुलपाची तिजोरी आणि नियमित सराव यांवर खर्च करा. त्याहीआधी शेतकऱ्यांचे पैसे थेट बँक खात्यात जमा करायची सवय लावा. पिशवीत रोकडच नसली, तर पिस्तूल बाहेर काढण्याची वेळ सहसा येत नाही.