हर माल ३० रुपये: पण पडतं कितीला?

ताईंनो, तालुक्याच्या बाजाराला गेलं की ‘हर माल ३० रुपये’च्या दुकानात आपण डोकावतोच. गाळणी, डबे, क्लिपा, पोरांची खेळणी. भाव ठरलेला, घासाघीस नाही, वस्तू हातात घेऊन बघता येते. पदरच्या शंभर रुपयांत तीन वस्तू येतात. ही सोय खरी आहे, तिला नावं ठेवायची नाहीत.

पण मागच्या महिन्यात एका बैठकीत एक ताई बोलल्या, ते मनात राहिलं. गटातून अंतर्गत कर्ज घेऊन त्यांनी गावात छोटं दुकान टाकलंय. दोन हप्ते थकले होते. त्या म्हणाल्या, “रोखीनं तिकडं घेता अन् उधारी माझ्या वहीत. मग हप्ता भरू कशानं?” बैठक गप्प झाली. कारण ते कर्ज आपल्याच बचतीतलं होतं.

म्हणून या वेळी तीन हिशेब शिकू.

१) वजनाचा हिशेब: समजा तिथं धुण्याची पावडर ३० रुपयांना २५० ग्रॅम आहे. म्हणजे किलोला १२० रुपये पडले. गावात तीच किलोभर ९० ला मिळत असेल, तर स्वस्त कुठली? आधी वजन वाचा, मग किंमत.

२) टिकण्याचा हिशेब: ३० ची प्लास्टिकची गाळणी तीन महिन्यांत तुटली, तर वर्षाला चार लागतात, म्हणजे १२० रुपये. ९० ची स्टीलची दोन वर्षं टिकली, तर वर्षाला ४५ च पडले.

३) गावाचा हिशेब: रात्री पाहुणे आले अन् साखर संपली, तर आपण कुणाचं दार वाजवतो? तालुक्याचं दुकान तेव्हा कामाला येत नाही. जे गावात त्याच भावात मिळतं, ते गावातच रोखीनं घ्या. उधारी केली तर ठरल्या तारखेला फेडा.

घेताना हेही बघा. पाकीटबंद वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन किंवा नग, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली हवी. एमआरपीपेक्षा जास्त पैसे कुणी मागू शकत नाही. लहान मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. बिल मागा, लाजू नका. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, पैसे लागत नाहीत.

दुकान चालवणाऱ्या ताईंनो, तुम्हीही त्या दुकानात एक चक्कर मारा. बायका काय उचलतात ते बघा. दोन-तीन दुकानवाल्या मिळून होलसेलचा माल आणला, तर गाडीभाडं वाटून जाईल.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं ‘हर माल’ची एक वस्तू घेऊन यायची. कितीला घेतली, किती दिवस टिकली, हे सगळ्यांसमोर सांगायचं. हिशेब आपण वहीत मांडू.