आठ सांजांचे दिवे : हस्तव्यवसाय व परिसर यांचा एक जोडपाठ



नवशिका शिक्षक असताना दिवाळीच्या सुटीनंतर मी वर्गास विचारले, “घरी किती दिवे लावले?” एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, आमचे आठ दिवे अजून लागायचे आहेत.” मुले हसली. मीही तिला “बस” म्हणून पुढच्या मुलास विचारले. ती बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी कुटुंबातील होती. तिचे उत्तर बरोबर होते. अज्ञान माझे होते. ती चूक आपल्या हातून होऊ नये, म्हणून हा पाठ.

शिक्षकासाठी माहिती

बेने इस्राएल समाज शतकानुशतके कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात राहिला. तेल गाळणे हा त्यांचा प्रमुख व्यवसाय. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, नवगावकर, किहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली. 1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तरी ठाणे शहरात हा समाज आजही आहे. बारवी धरणाचे पाणी ठाण्याच्या काही भागास पोचते. तेथील या शेजाऱ्यांची ओळख धरणाकाठच्या आपल्या शाळांस असू नये, हे बरे नव्हे.

हनुक्का हा सण इ. स. पूर्व 164 च्या सुमारास यरुशलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध करून घेतल्याची आठवण होय. एका दिवसापुरते तेल आठ दिवस पुरले, अशी कथा सांगतात. कोकणातील जुन्या सणांत हनुक्का नव्हता; इतर ठिकाणच्या यहुद्यांशी संबंध वाढल्यावर तो या घरी आला. तो बहुधा कार्तिक वा मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात सुरू होतो व मधेच अमावास्या येते. पहिल्या सांजेस एक दिवा, दुसऱ्या सांजेस दोन, असे आठव्या सांजेस आठ दिवे लागतात. इतर दिवे पेटविण्यासाठी एक ‘सेवक दिवा’ वेगळा असतो. काही घरांत काचेच्या लहान पेल्यात पाणी व वर खोबरेल घालून वात तरंगत ठेवतात. पैसा थोडा, पण शोभा मोठी.

कृती पहिली : नऊ पणत्या

कुंभाराची किंवा शेतातील चिकणमाती मळून लिंबाएवढे नऊ गोळे करवावे. अंगठ्याने मध्ये खळगा पाडून कड एका बाजूस चिमटावी व सावलीत वाळवावे. आठ पणत्या एका फळीवर ओळीने ठेवाव्या. नववी विटेच्या तुकड्यावर उंच ठेवावी. कच्ची माती तेल शोषते, म्हणून वर्गात ज्योत नारिंगी कागदाची असावी. घरी पेटवावयाच्या पणत्या भट्टीत भाजलेल्या असाव्या व वडील माणूस जवळ असावा. मातीसाठी मुलांस धरणाच्या पाण्याकडे कदापि पाठवू नये.

कृती दुसरी : भोवरा

युरोपातील यहुदी घरांतून आलेला हा खेळ आहे. जाड पुठ्ठ्याचा 5 सेंटीमीटरचा चौकोन कापून मधोमध टोकदार बांबूची काडी घालावी. चार कडांवर नून, गिमेल, हे, शीन ही हिब्रू अक्षरांची नावे लिहावी. प्रत्येकाने एक चिंचोका मध्ये टाकावा. भोवरा टेकेल ती कड पाहावी : नूनला काही नाही, गिमेलला सर्व, हे आल्यास निम्मे घ्यावे, शीन आल्यास एक टाकावा. ‘निम्मे’ काढताना विषम संख्या आली की अपूर्णांकाची चर्चा आपोआप सुरू होते.

गणिताची जोड

1 पासून 8 पर्यंतची बेरीज 36. सेवक दिवा रोज एक, म्हणजे 8 अधिक, एकूण 44. दर वेळी नवी वात घेतल्यास 44 वाती लागतील. एका दिव्यास 5 मिलिलिटर तेल धरल्यास एकंदर 220 मिलिलिटर. मुलांनी प्रथम पणत्या मांडून मोजावे, मग वहीत लिहावे.

सूचना

हा परिसर अभ्यासाचा पाठ आहे, धर्मशिक्षणाचा नव्हे. वर्गात प्रार्थना वा पूजा घेऊ नये. वर्गात या समाजाचे मूल असल्यास त्याला उभे करून प्रश्नांचा भडिमार करू नये. त्याने आपणहून सांगितले तर मात्र शांतपणे ऐकावे. शेवटी प्रत्येक मुलाने आपल्या घरी दिवे केव्हा व कशासाठी लावतात ते पाच ओळींत लिहावे. ती उत्तरे एकमेकांसारखी नसतील. ज्याचे उत्तर सर्वांहून वेगळे येईल, त्याचे आधी वाचून दाखवावे.