थर कसे रचायचे?

बुरडाला बांबू चिरताना पाहिले आहे का? सुरीच्या एका घावात बांबू उभा चिरत जातो. पण तोच आडवा तोडायचा तर दमछाक होते. बांबूचे तंतू उभे असतात. ते एकमेकांपासून विलग करणे सोपे, तोडणे अवघड. आजच्या एका नव्या यंत्राच्या कारागिरालाही हाच धडा शिकावा लागतो.

ते यंत्र म्हणजे थ्री-डी प्रिंटर. लेथवर धातू कापून वस्तू घडवतात. येथे मात्र थरावर थर चढवून ती उभी करतात. अमेरिकेतील चक हल यांनी १९८४ साली अशा एका पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. शाळांतून दिसणाऱ्या साध्या यंत्रात प्लॅस्टिकची तार सुमारे २०० अंश सेल्सिअसला वितळते आणि बारीक तोटीतून बाहेर येते. एक थर ०.२ मिलिमीटरचा धरला, तर ६ सेंटिमीटर उंचीला ३०० थर लागतात.

आता बादली टांगण्यासाठी आकडी करायची आहे. ती उभी ठेवून छापली, तर थर आडवे येतात. बादलीचा भार त्यांना एकमेकांपासून ओढतो आणि दोन थरांमधला सांधा सुटतो. तीच आकडी निजवून छापली, तर प्लॅस्टिकच्या रेषा तिच्या वळणाबरोबर जातात आणि ती अधिक भार पेलते. यंत्र तेच, प्लॅस्टिक तेच. फरक पडला तो कारागिराच्या निर्णयाने!

धातूच्या छपाईत तर जिवाचाच प्रश्न असतो. टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियमची बारीक पूड चटकन पेट घेते, कारण तिच्या कणांचा फार मोठा पृष्ठभाग हवेतील ऑक्सिजनला भिडतो. म्हणून यंत्राच्या पेटीत आरगॉन वायू भरतात. हे न जाणता पेटी उघडणारा संकट ओढवून घेतो.

म्हणूनच फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या राष्ट्रीय धोरणात २०२५ पर्यंत एक लाख कुशल माणसे तयार करण्याचे उद्दिष्ट होते. दहावीनंतर आय.टी.आय.साठी या कामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही आखलेला आहे. तेथे बटणे दाबण्याइतकेच बल, ताण आणि उष्णता समजणे महत्त्वाचे.

बांबूची एक कामटी घ्या. ती आधी उभी चिरून पाहा, मग आडवी मोडून पाहा. आता सांगा : दाराची मूठ छापायची झाली, तर तुम्ही ती यंत्रात कशी ठेवाल?