मुलाचे उत्तर ऐकताना

श्रवण हे भाषाशिक्षणाचे पहिले अंग होय. परंतु ते मुलांनीच करावयाचे, असे गृहीत धरले जाते. शिक्षकाच्या श्रवणाचा विचार क्वचितच होतो.

प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतो? अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी वर्गपाठांच्या ध्वनिमुद्रणांवरून हे मोजले. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार ही प्रतीक्षा सरासरी सुमारे १ सेकंदाची असे. ती ३ सेकंदांवर नेताच मुलांची उत्तरे लांबली, निरुत्तर राहण्याचे प्रमाण घटले, आणि मागे पडलेली मानली जाणारी मुलेही अधिक बोलू लागली. मूल बोलून थांबल्यानंतरही असेच थांबावे लागते; त्याने श्वास घेतला म्हणजे त्याचे सांगणे संपले, असे नव्हे.

घाईपेक्षाही अवघड अडथळा शुद्ध भाषेच्या आग्रहाचा. खानदेशातील अहिराणी बोलणारा मुलगा दोन दिवसांनी शाळेत येतो. कारण विचारताच तो "वावरमा..." एवढेच उच्चारतो, तोच "‘शेतात’ म्हण" अशी दुरुस्ती होते. तो निमूटपणे ‘शेतात’ म्हणतो व खाली बसतो. वडील आजारी पडले, की कापणीला माणूस मिळाला नाही, हे कळतच नाही. हजेरीपटात मात्र ‘विनाकारण गैरहजर’ अशी नोंद होते. अशा वेळी "वावरमध्ये काय झालं?" असे त्याचाच शब्द उचलून विचारावे आणि थांबावे. प्रमाण शब्द शिकवावयाचाच आहे. तो त्याचे सांगून झाल्यावर फळ्यावर लिहिता येतो.