मुलाला हवे एक हक्काचे माणूस

गेल्या महिन्यात नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन एक आजी दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, रोज सकाळी याचं पोट दुखतं." तपासण्या करून पाहिल्या, दोष आढळला नाही. मुलाला जवळ बसवून विचारले तेव्हा कळले, वडील दारू पिऊन येतात आणि रात्री घरात भांडणे होतात.

वाचकहो, हे दुखणे सोंग नव्हे. मूल सतत भेदरलेले असले की शरीरात ताण वाढविणारी संप्रेरके अधिक स्रवतात आणि झोप, भूक, पचन बिघडते. (मात्र ताप, उलट्या, वजन घटणे किंवा दुखण्याने रात्री जाग येणे, यांपैकी काही असल्यास तपासणी टाळू नये.)

"मग पोर वाया जाणार का हो?" आजींनी विचारले. मी म्हणालो, "नाही. तुम्ही आहात ना!"

हा केवळ धीर नव्हता. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व सहकाऱ्यांनी अनेक दशके पाठपुरावा केला. गरिबी, कलह, आईवडिलांचे व्यसन किंवा मनोविकार अशा अनेक अडचणींत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे कर्तबगार निघाली. त्यांना जीव लावणारे निदान एक मोठे माणूस लाभले होते. कोणाला आजी, कोणाला शिक्षक, कोणाला शेजारी.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ६,१८८ प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. बालपणी घरात मनातले बोलता येणे, घरी सुरक्षित वाटणे, मित्रांचा आधार, सणसमारंभांतील आनंद असे चांगले अनुभव ज्यांना अधिक मिळाले, त्यांच्यात उदासीनतेचा विकार कमी आढळला. लहानपणी हालअपेष्टा सोसलेल्यांतही हा फरक दिसला.

यासाठी पैसा लागत नाही. पुढील गोष्टी कराव्यात :

१) रोज दहा मिनिटे मुलाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकावे.
२) दिवसातून एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे.
३) चूक झाल्यास समजवावे; मारू नये, चारचौघांत अपमान करू नये.
४) आजी, मामा, शिक्षक यांच्याशी मुलाचे नाते जपावे.
५) व्यसनावर उपचार आहेत, ते लपवू नये. मुलाला मारहाण होत असल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे.

त्या मुलाच्या वडिलांना मी निरोप धाडला आहे. ते अद्याप आलेले नाहीत. तोवर आजी रोज त्याला शाळेत पोचवतात आणि रात्री आपल्याजवळ निजवतात. तूर्त हेच त्याचे औषध आहे.