स्वतःची शेड की सामाईक इमारतीतला गाळा? सॉफ्टवेअरच्या गोडाऊनचा प्रश्न

भोसरीच्या वर्कशॉपमधला सुटा भाग चाकणच्या कारखान्यात जातो तेव्हा सोबत चलन आणि बॅच नंबर जातो. माल परत आला तर त्या नंबरावरूनच शोध लागतो. आपल्या कारागीर घरांतली काही मुले आता याच वर्कशॉपसाठी स्टॉकची व बिलांची सॉफ्टवेअर बनवतात. तेही तयार भाग जोडूनच बनते. हे भाग त्यांच्या नंबरानिशी जपणारे गोडाऊन म्हणजे रिपॉझिटरी मॅनेजर. इंटरनेट बंद पडले तरी एकदा आणलेला भाग तिथून मिळतो.

हे गोडाऊन बसवायचे दोन मार्ग आहेत. पहिला स्वतंत्र, म्हणजे स्वतःची शेड. अपाचे संस्थेचे आर्काइव्हा घ्या. त्याच्या स्वतंत्र आवृत्तीत जेटी नावाचा सर्व्हर आतच असे. संगणकावर जावा असली की फाइल उलगडायची आणि चालू करायचे. दुसरा मार्ग टॉमकॅटसारख्या सर्व्हरमध्ये बसवण्याचा, म्हणजे सामाईक इमारतीतला गाळा. जावा, लॉग, सुरक्षेचे सर्टिफिकेट यांची देखभाल सगळ्यांसाठी एकदाच होते. पण मेमरीही सामाईक. शेजारच्या बिलिंग सॉफ्टवेअरने ती खाल्ली की गोडाऊनही बंद, आणि टॉमकॅट पुन्हा सुरू करताना सगळेच थांबतात. शिवाय आर्काइव्हाला वापरणाऱ्यांचा डेटाबेस आणि मेलची जोडणी टॉमकॅटच्या सेटिंगमध्ये वेगळी सांगावी लागे. नवखा माणूस तिथेच अडतो.

एकाच संगणकावर दोन्ही ठेवणाऱ्यांनी पोर्ट तपासावा. टॉमकॅट आणि आर्काइव्हा दोघेही मुळात ८०८० मागतात, आणि एका दारात दोन दुकाने लागत नाहीत.

आमचे मत स्पष्ट आहे. दोन-चार माणसांच्या धंद्याने स्वतंत्रच घ्यावे. टॉमकॅट आधीपासून चालू आहे आणि तो सांभाळणारा माणूस पगारावर आहे, त्यानेच गाळ्याचा विचार करावा. तसा पर्यायही आता कमी होत चालला आहे. नेक्सस पूर्वी दोन्ही रूपांत मिळे, २०१६ साली आलेली तिसरी पिढी स्वतंत्रच चालते. आर्काइव्हाचे काम तर अपाचेने २०२४ मध्ये बंद केले. नव्याने ते घेऊ नये, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी हलवण्याची तयारी करावी.

शेड असो वा गाळा, माल प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. नवी आवृत्ती टाकताना जुने फोल्डर पुसले की माल गेलाच. आर्काइव्हात त्यासाठी डेटाची जागा वेगळी सांगायची सोय होती. इतरांतही ती शोधावी. गुरुवारी कारखाने बंद असतात, तेव्हा सेवा थांबवून नक्कल काढावी. चालू डेटाबेसची नुसती फाइल उचलली तर नक्कल अर्धवट येऊ शकते. ती नक्कल दुसऱ्या संगणकावर एकदा उघडूनही पाहावी.