परवाना आहे, मग गाडी का नाही?

प्रश्न : माझे दोन ट्रेलर न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर उचलतात. रेल्वेने कंटेनर नेण्याचा धंदा खासगी कंपन्यांना खुला झाला, असे ऐकतो. मग त्यात नवीन माणूस सहज का शिरत नाही?

उत्तर : सरकार परवानगी देत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. तो जुना झाला. १९८८ साली स्थापन झालेल्या सरकारी ‘कॉनकॉर’ कंपनीचे या धंद्यात जवळपास एकहाती राज्य होते, पण २००६ मध्ये तो खासगी कंपन्यांना खुला झाला. देशभर गाड्या चालवण्याच्या परवान्याची फी मात्र ५० कोटी रुपये होती. ठरावीक मार्गांपुरता परवाना १० कोटींत मिळे.

फी भरली तरी खरी अडचण पुढेच आहे. तुम्ही एक ट्रेलर कर्जावर घेऊन धंदा सुरू करू शकता. गाडी अशी थोडी थोडी घेता येत नाही. एका रेकला, म्हणजे अख्ख्या गाडीला, साधारण ४५ वाघिणी, म्हणजे वीस फुटी ९० कंटेनर. वाघिणी कंपनीच्या, इंजिन आणि रूळ रेल्वेचे, आणि प्रत्येक फेरीचे ओढणावळीचे भाडे रेल्वेला द्यायचे. जाताना ९० कंटेनर मिळाले आणि येताना तीसच, तरी गाडी परत आणावीच लागते.

मला सर्वांत मोठा अडसर वाटतो तो टर्मिनलचा. कंटेनर गाडीतून उतरवायला रुळालगत जागा, पक्के यार्ड आणि क्रेन हवी. शहराजवळ अशी जमीन मिळणे फार कठीण, आणि जुन्या कंपनीकडे ती आधीपासून आहे. नवख्याने तिचेच यार्ड वापरायचे, तर दर आणि वेळ प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातात. २०२१ च्या ‘गती शक्ती कार्गो टर्मिनल’ धोरणाने खासगी टर्मिनल उभारणे सोपे केले, हे फार चांगले झाले. मात्र एकाने बांधलेले टर्मिनल इतरांनाही त्याच दराने मिळायला हवे.

‘कोकण रेल्वेवर तर अख्खे ट्रक चढतात!’ असे तुम्ही म्हणाल. १९९९ पासून कोलाड ते वेर्णा ही रो-रो सेवा आहे. तिथे ट्रक उतारावरून स्वतःच वाघिणीवर चढतो, त्यामुळे क्रेन लागत नाही. पण कंटेनरसोबत ट्रकचेही वजन ओढावे लागते, आणि रूळ, स्थानके, गाडी सगळे एकाच मालकाचे आहे.

कंटेनर गाडीला मात्र दोन्ही टोकांना ट्रेलर लागतोच. बंदर किंवा कारखाना ते टर्मिनल हा तुकडा रेल्वे करत नाही. तुमच्या दोन ट्रेलरना या धंद्यात शिरायची वाट तिथे आजही उघडी आहे.